गवई रंगभूमीवर आला
(देवगंधर्व भास्करबुवा बखले यांची कामगिरी)

आपल्याकडे गाण्याच्या दोन वाटा मानण्याची रीत आहे. एक वाट दिवाणखान्यातली. तंबोरे जुळवावेत, डोळे मिटावेत आणि एकेका सुराशी ओळख करून घेत रात्र काढावी, अशी ती सावकाश वाट. दुसरी वाट जत्रेची. शिराळ्यात नागपंचमीला वाद्ये वाजू लागली म्हणजे तो गजर नुसता कानांनी ऐकावा लागत नाही. तो छातीत उमटतो. पहिल्या वाटेचा माणूस दुसऱ्याला म्हणतो, "हा तर निव्वळ गोंगाट!" आणि दुसऱ्या वाटेचा पहिल्याला म्हणतो, "तुमचं हे आ-आ कुणाला कळतंय?" दोघेही आपापल्या जागी खूष असतात. पण या दोन वाटा एकत्र आणू पाहणारा एखादा गायक मधूनच निघतो, आणि मग दोन्हीकडचे लोक त्याच्यावर रागावतात.

असा प्रकार अलीकडे युरोपात घडला. फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा, बर्फाचा आणि सरोवरांचा देश. तेथल्या किटी नावाच्या लहान गावात १९९६ साली 'नाइटविश' नावाचा एक मेळा उभा राहिला. तार्या तुरुनेन ही मुलगी त्यात गाऊ लागली. तिने अभिजात गायनाची तालीम घेतली होती. सिबेलियस अकादमी या नामांकित संगीतसंस्थेत ती शिकली. तिचा गळा ऑपेराचा. ऑपेरा म्हणजे ज्यात संवादसुद्धा गाऊनच म्हणतात असे संगीतनाटक. त्यातला गायक ध्वनिक्षेपकाच्या मदतीवाचून मोठ्या वाद्यवृंदावर आपला आवाज चढवतो. आणि मेळ्याची वाद्ये कसली? तर 'मेटल' नावाच्या संगीताची. मेटल म्हणजे धातू. हे संगीत १९७० च्या सुमारास इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात रूपाला आले. 'ब्लॅक सॅबथ' हा त्यातला पहिला मोठा मेळा. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. तेथे यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके गेली. त्या बोटांना टोपणे चढवून तो वाजवीत राहिला. असे हे विजेच्या गिटारींचे, मोठ्या ढोलांचे, कामगार वस्तीत वाढलेले दणदणीत संगीत. त्याच्यावर ऑपेराचा गळा! ऐकणाऱ्यांनी प्रथम तोंडात बोट घातले. पुढे मात्र जगभर त्यांच्या मैफलींना गर्दी लोटली.

हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. परंतु कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील माणसांनी तरी फार नवल करू नये. कारण नाइटविशच्या ऐंशी वर्षे आधी असाच एक मिलाफ आपल्या मराठी मुलखात घडून आला, आणि त्यात आपल्या सांगलीकडच्या माणसांचा वाटा फार मोठा होता. एका कसलेल्या ख्यालगायकाने आपली विद्या नाटकाच्या तंबूत नेली. त्या गायकाचे नाव भास्करबुवा बखले. त्यांची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

आधी तंबूची गोष्ट. मराठी नाटकाचा आरंभ आपल्या सांगलीत झाला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. त्या खेळात गाणे होते, पण ते बहुतेक सूत्रधाराचे. तो मागे उभा राहून पदे म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने आपापली भाषणे करीत. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. आता पात्रे स्वतः गाऊ लागली. १८८२ साली 'सौभद्र' आले. या नाटकांच्या चाली कशा होत्या? साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या चाली, लावणीची वळणे, कर्नाटकातल्या काही चाली. लोकांच्या तोंडी सहज बसतील अशा त्या सोप्या, गोड चाली होत्या. नाटक बघून घरी परतणारा शेतकरी बैलगाडीत बसल्या बसल्या त्या म्हणू शके. त्या चालींचे हेच मोठे बळ होते.

आता दिवाणखान्याची गोष्ट. त्याच सुमारास उत्तरेकडचा ख्याल आपल्या खोऱ्यात येत होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी हाल सोसून ग्वाल्हेरची गायकी मिळवली आणि ती मिरज-इचलकरंजीकडे आणली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस त्यांच्यापाशीच शिकले. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले. त्यांची कबर तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. मिरजेचे तंबोरे आणि सतारी तर देशभर नावाजलेल्या. म्हणजे उत्तम गाणे आपल्या दाराशी होते. पण ते ऐकायचे कुणी? संस्थानिकाने, सरदाराने, सावकाराने, फार तर त्यांच्या आश्रितांनी. सामान्य माणसाच्या वाट्याला वाड्याच्या भिंतीबाहेर जे सूर ऐकू येतील तेवढेच. आणि शिकायचे म्हटले तर त्याहून बिकट. उस्ताद विद्या देत ती वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर, तीही हात राखून. एकेक चीज म्हणजे घरची ठेव. ती परक्याच्या हाती कोण देणार?

अशा काळात, १७ ऑक्टोबर १८६९ रोजी, बडोदे संस्थानातील कठोर या गावी भास्कर बखले यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. मुलाचा गळा मात्र असा गोड की ऐकणारा थबकावा. तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत. 'रामराज्यवियोग' नाटकात भास्करने कैकेयीचे काम केले आणि त्याच्या गाण्याची वाहवा झाली.

पण निसर्ग कुणासाठी थांबत नाही. मुलगा वयात आला आणि आवाज फुटला. ज्या गळ्यावर टाळ्या पडत होत्या त्यातून घोगरा, वेडावाकडा स्वर निघू लागला. स्त्री-भूमिका गेली, आणि भूमिकेबरोबर मानही गेला. श्रोतेहो, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर हा केवढा प्रसंग! काल ज्याला लोक शोधत येत होते, त्याला आज कुणी विचारीना. अशी किती मुले नाटक कंपन्यांतून आली नि गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. भास्कर मात्र खचला नाही. गळा गेला तर गाण्याची विद्या मिळवावी, म्हणजे ती कुणाला काढून घेता येणार नाही, अशा जिद्दीने तो बाहेर पडला.

प्रसिद्ध बीनकार बंदे अली खाँ यांचा त्याला थोडा लाभ झाला. नंतर बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याकडे त्याने तालीम घेतली. गुरुसेवा म्हणजे घरातली पडतील ती कामे, आणि त्यातून उसंत मिळेल तेव्हा गाणे. पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ भेटले. लयीचे अवघड हिशेब, बोलांची फेक, समेवर झडप घालणारी गायकी त्यांच्याकडून मिळाली. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात भास्करबुवांनी संगीतशिक्षकाचे कामही केले, हे शिक्षक बंधु-भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. स्वतः नाव झाल्यावर, लोक 'बुवा' म्हणून पाया पडू लागल्यावर, ते पुन्हा शागीर्द झाले आणि अल्लादिया खाँ यांच्यापाशी बसले. तीन उस्तादांच्या तीन तऱ्हा त्यांनी एका गळ्यात जिरवल्या. पंजाब, सिंधपर्यंत त्यांचे नाव गेले आणि 'देवगंधर्व' ही पदवी त्यांच्या नावामागे कायमची लागली.

एवढी विद्या जवळ असलेल्या माणसाने काय करावे? संस्थानिकाची नोकरी धरावी, मैफली कराव्यात, निवडक शिष्य करावेत. लोक तेच अपेक्षीत होते. भास्करबुवांनी १९११ साली पुण्यात गायन समाज काढला. तीच आजची भारत गायन समाज ही संस्था. पैसेवाल्याच्या मर्जीवाचून गाणे शिकता यावे, ही त्यामागची ओढ. आणि दुसरे त्यांनी केले ते त्याहून धाडसाचे. ज्या रंगभूमीवरून फुटलेला आवाज घेऊन ते उतरले होते, त्याच रंगभूमीकडे ते परतले. मात्र आता नट म्हणून नव्हे, गुरू म्हणून.

वाट आधी थोडी मळलेली होती. १९११ सालीच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' नाटक किर्लोस्कर मंडळीने केले. खाडिलकर आपल्या सांगलीचे. त्या नाटकाला चाली दिल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी. टेंबे पेटीवादनात अद्वितीय, आणि भास्करबुवांना गुरुस्थानी मानणारे. त्यांनी पूरबेकडच्या ठुमरी, दादरा, कजरी या प्रकारांचे लाडिक वळण मराठी पदांना दिले. लोक वेडे झाले. साकी-दिंडीची जागा रागदारीने घेतली ती येथून. १९१३ साली 'विद्याहरण' आले; त्याच्या चाली भास्करबुवांच्या. त्याच साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आणि १९१६ साली त्या मंडळीने 'स्वयंवर' रंगभूमीवर आणले. शब्द सांगलीच्या खाडिलकरांचे. गळा बालगंधर्वांचा, पलूस तालुक्यातले नागठाणे त्यांचे नाव अभिमानाने सांगते. आणि संगीत देवगंधर्वांचे. हा त्रिवेणी संगम म्हटला तर वावगे होणार नाही.

बुवांनी नेमके केले काय, हे जरा उलगडून पाहू. ख्यालाची एक जुनी चीज घ्यायची. तिचा ताल, तिचा मुखडा, तिची समेची जागा कायम ठेवायची. शब्द असत व्रजभाषेतले. त्यांच्या जागी त्याच वजनाचे मराठी शब्द बसवायचे. बोलायला सोपे, करायला महाकठीण! कारण ख्यालात शब्द मागे असतो, सूर पुढे. नाटकात मात्र रुक्मिणीच्या मनात काय चालले आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळले पाहिजे. सम भलत्याच अक्षरावर पडली तर अर्थाचा अनर्थ व्हायचा. दुसरी अडचण वेळेची. बैठकीतला गवई एका रागाला तास देतो. येथे काही मिनिटांत रागाचा चेहरा दिसला पाहिजे. म्हणून आलाप थोडा, पण त्या रागाची खूण नेमकी दाखवणारा. तान लहान, पण दाणेदार. लय मध्य, म्हणजे ऐकणाऱ्याचा पाय ठेक्यात हलेल अशी. हा काही ख्याल पातळ करण्याचा प्रकार नव्हे. उसाचा रस आटवून काकवी करावी तसा हा प्रकार. माप कमी होते, गोडी दाट होते.

उदाहरण घ्या. 'स्वयंवरा'तले गाजलेले एक पद यमन रागात आहे. यमनात सातही सूर लागतात. मध्यम तेवढा तीव्र, म्हणजे चढा. शाळेच्या पेटीवर मास्तरांनी सगळे शुद्ध सूर वाजवून मग मध्यमापुरती शेजारची चढी पट्टी घेतली, तर मुलांना फरक तत्काळ कळेल. त्या एका सुराने संध्याकाळ उजळल्यासारखी वाटते. 'स्वयंवरा'त बिहाग आहे, भीमपलास आहे. ते पद ऐकणाऱ्या शेतकऱ्याला यमन हे नाव ठाऊक नव्हते. पण ते पद चार वेळा ऐकल्यावर यमनाची खूण त्याच्या कानात पक्की बसली. नाव माहीत नसताना झालेली ओळख, पण खरी ओळख.

साथही तशीच मिळाली. गंधर्व मंडळीत पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादर बक्ष अशी बिनीची माणसे होती. ऑर्गन हे तर चर्चमध्ये वाजणारे परदेशी वाद्य. तेही मराठी पदांच्या साथीला येऊन बसले. आणि पेटी तरी कुठली? तीही मूळची फ्रान्सकडची. तिच्यावर परकेपणाचा शिक्का इतका पक्का बसला, की आकाशवाणीनेसुद्धा १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले होते! तरी आपल्या गावोगावच्या भजनांतून ती कधी हटली नाही. मिसळ नको म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या भजनाच्या पेटीकडे पाहावे.

आता टीकेकडे वळू, कारण टीका झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. बैठकीचे गवई म्हणाले, "तिकिटावर राग विकायला काढले." ही तक्रार आपण बाजूला ठेवू शकतो, राजाच्या बिदागीवर गायलेला राग शुद्ध आणि चार आण्यांच्या तिकिटावर गायलेला बाटला, हा न्याय काही पटण्यासारखा नाही. पण नाटकाच्या जाणकारांची तक्रार वजनदार होती. ते म्हणत, "नाटक कुठे गेले?" पदाला वन्समोअर मिळे, पुन्हा पद, पुन्हा वन्समोअर. रुक्मिणी संकटात आहे हे विसरून प्रेक्षक बिहागात बुडून जात. खेळ पहाटेपर्यंत चालत. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली 'शारदा' लिहून बालाजरठ विवाहासारख्या सामाजिक अन्यायावर बोट ठेवले होते. ती धार पुढच्या गानबहार नाटकांत बोथट झाली, हे कबूल केले पाहिजे. एखाद्या कलेला दुसरीच्या घरी नेले की पाहुणी घरधनीण होऊन बसते, असे कधी कधी घडते. तसे येथे घडले.

आणि वैभवाची नशाही नाटक कंपन्यांना भोवली. उंची पडदे, भरजरी शालू, अत्तरे; त्यापायी कर्ज. १९३१ साली बोलपट आला. १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' निघाला, आणि त्यात हरिश्चंद्राच्या भूमिकेत कोण? तर 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे! प्रेक्षक तिकडे वळले आणि तंबू हळूहळू ओस पडले. भास्करबुवांना हा उतार पाहावा लागला नाही. ८ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, ते गेले.

या गाण्याची दुसरीही एक बाजू होती, मर्दानी. बालगंधर्वांचे गाणे म्हणजे मऊ रेशीम. पण कोल्हापूरचे केशवराव भोसले यांचे गाणे म्हणजे तलवारीचे पाते. ललितकलादर्श मंडळीचे हे धनी. उंच पट्टीत, दमदार, अंगावर येणारे गाणे. ध्वनिक्षेपक नव्हता, तंबूत हजारांनी माणसे. तेथे आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा तो फक्त छातीच्या बळावर. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन राजे देशकार्यासाठी एका रंगभूमीवर उभे राहिले. मऊ आणि धारदार हे दोन गळे एका रात्रीत ऐकायला मिळाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव वारले. वय अवघे एकतीस.

तोच तेजस्वी बाणा पुढे मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी चालवला. गोव्यातल्या मंगेशीचा हा मुलगा. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्यांची तालीम त्याला मिळाली. १९१८ साली बळवंत संगीत मंडळी निघाली. वीर वामनराव जोशी यांच्या १९२७ सालच्या 'रणदुंदुभि' नाटकातली दीनानाथांची पदे ऐकून अंगावर रोमांच उभे राहत. पंजाबी ढंगाच्या चाली, विजेसारखी अवचित चमकणारी तान, अनपेक्षित वळणे. शास्त्र पक्के, पण वृत्ती रणवाद्याची. परदेशातल्या त्या धातूच्या संगीताचा आवेश आपल्याकडे कुठे शोधायचा झाला तर तो येथे सापडेल. दीनानाथांचे बिऱ्हाड काही वर्षे सांगलीतच होते, आणि १९३४ च्या सुमारास त्यांनी सांगलीत चित्रपटाचाही घाट घातला. तो व्यवहार त्यांना झेपला नाही, तो भाग वेगळा.

आता सांगा, तंबू गेले, कंपन्या बुडाल्या; मग हाती उरले काय? पुष्कळ उरले. ग्रामोफोनच्या तबकडीत एका बाजूस तीनएक मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात राग दाखवण्याची सवय नाटकाच्या पदाने मराठी गळ्यांना आधीच लावली होती. भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) या बोलपटांना संगीत दिले, आणि दिवाणखान्यातली विद्या चित्रपटाच्या वाटेने आणखी दूर गेली. टेंबे यांनी पुढे 'महाश्वेता', 'जयदेव' यांसारख्या संगीतिका रचल्या, म्हणजे आपल्या मराठीतला ऑपेराच म्हणा ना! आणि खेड्यात काय झाले? भजनी मंडळांनी नाटकातल्या चाली उचलल्या आणि त्यांवर संतांचे अभंग बसवले. ज्याच्या आजोबाने वाड्याच्या भिंतीबाहेर उभे राहून ख्याल ऐकला, त्याचा नातू एकादशीच्या रात्री भीमपलासात अभंग म्हणू लागला. राजदरबारातून तंबूत, तंबूतून तबकडीत, तबकडीतून मारुतीच्या देवळात. असा हा रागाचा प्रवास. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. अशा देवळांच्या ओट्यावर रात्री जे भजन चालते, त्यातल्या कितीतरी चालींचे गोत्र शोधत गेलो तर ते नाटकाच्या तंबूपाशी आणि त्याच्या पलीकडे जुन्या ख्यालापाशी जाऊन पोहोचेल.

म्हणून मिसळ करावी की करू नये, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. प्रश्न असा विचारावा की मिसळ करणारा आला कोठून? भास्करबुवा तीन उस्तादांपाशी वर्षानुवर्षे घासले गेले आणि मग तंबूत आले. फिनलंडची ती गायिकाही आधी सुराच्या शाळेत घडली. त्या दणदणाटात तिचा गळा टिकला तो त्या तालमीच्या जोरावर. आपले घर पक्के माहीत असलेला माणूस दुसऱ्याच्या घरी गेला तर दोन्ही घरांचा फायदा होतो. ज्याला आपलेच घर ठाऊक नाही, तो दोन्हीकडे पाहुणा. दुसरी गोष्ट अशी की बुवा तंबूत गेले ते उपकार करायला गेले नाहीत. बाहेर बसलेल्या माणसाला कान आहेत, त्याला चांगले दिले तर तो चांगले घेईल, असा त्यांचा भरवसा होता. आणि त्या माणसाने तो खोटा ठरवला नाही.

शेवटी दोन शब्द शिक्षकांसाठी. आपल्या वर्गात गोड गळ्याचा एखादा मुलगा असतो. प्रार्थनेला तोच पुढे, संमेलनाला तोच पुढे. आठवी-नववीला त्याचा आवाज फुटतो, पोरे हसतात, आणि तो कायमचा गप्प होतो. हे टाळणे आपल्या हाती आहे. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि त्यांच्यावरचा ताबा काही काळ सुटतो. हा आजार नव्हे. काही महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत गळा नव्याने बसतो. त्या काळात त्याला उंच पट्टीत ओरडून गायला लावू नये. खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात, थोडेच गाऊ द्यावे. आणि हातात टाळ द्यावा, तबला द्यावा, पेटी द्यावी. राग ओळखायला शिकवावे. गळा विसावला तरी कान शिकत राहतो. त्याला स्पष्ट सांगावे, "बाळा, तुझं गाणं गेलेलं नाही, ते मोठं होतंय." आणि जमले तर कैकेयीचे काम करणाऱ्या त्या भास्करची गोष्ट त्याला सांगावी.